पुंडलिकरावांचा फिका चहा

नालवाडीच्या आमच्या पुंडलिकरावांनी जन्मभर मनापासून काय केलं असेल, तर लोकांची लग्नं जुळवली आणि लोकांच्या घरचा चहा प्यायला. तशी कापसाच्या जिनिंगमध्ये कारकुनीही केली म्हणा, पण ती पोटासाठी. खरा जीव सोयरिकीत. सायकलला टांग मारायची, आज आंजी, उद्या सिंदी मेघे, परवा आणखी कुठलं गाव. कोणाची पोरगी मॅट्रिकला बसली, कोणाच्या पोराला शिक्षकाची नोकरी लागली आणि कोणाच्या पोराला ती लागल्याचं नुसतंच सांगतात, हे सगळं त्यांना तोंडपाठ. मध्यस्थ म्हणून माणूस सरळ. पण पोरीचा रंग सांगताना मात्र आमच्या गावची काळी मातीसुद्धा गहूवर्णी व्हायची.

त्यांची बायको कोकिळाबाई. तिचं मत विचाराल तर, "साऱ्या जिल्ह्याचे लग्न यायनं जुळवले. माहं तेवढं दुसऱ्यानं जुळवलं, थेच फसलं."

आणीबाणी उठली त्याच्या पुढल्या वर्षीची लग्नसराई. पुंडलिकरावांना सारखी तहान लागायला लागली, सायकल दर मैलावर बाभळीच्या आडोशाला थांबायला लागली. शेवटी कोकिळाबाईंनी त्यांना हाताला धरून वर्ध्याच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, मधुमेह. साखर बंद, गूळ बंद, आंबा बंद. पुंडलिकरावांनी एवढंच विचारलं, "अन् चहा?"

चहाशिवाय मध्यस्थ म्हणजे ढोलकीशिवाय तमाशा. डॉक्टरांना दया आली. त्यांनी सॅकरीनच्या गोळ्यांची छोटी शिशी लिहून दिली. ज्वारीच्या दाण्याहून लहान गोळी. बिनसाखरेच्या चहात टाकायची की चहा गोड. साखरेचा कणही नाही.

आणि तिथून आम्हा सगळ्यांच्या डोक्याला ताप सुरू झाला.

पहिल्या दिवसापासून तक्रार. "नरहर, तोंडात पितळी चमचा ठेवल्यावानी लागून राह्यलं." दुसऱ्या दिवशी जीभ बधिर. मग डोकं जड. मग पाठीला खाज. मी शेजारी, त्यात जुना मित्र, म्हणून सगळं मला ऐकावं लागे. डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "लाखो लोक घेतात. मनाचे खेळ आहेत." मनाचे खेळ म्हटल्यावर पुंडलिकराव जे भडकले ते दवाखान्याबाहेर आल्यावरही बडबडतच होते. "पाठ मनात राह्यते काय बे? खाज पाठीले सुटून राह्यली!"

त्यातच पेपरात आलं, की परदेशात कुठे उंदरांना हे सॅकरीन चारलं आणि त्यांच्या मूत्राशयात गाठी झाल्या. झालं! पुंडलिकरावांनी तो पेपर घडी करून कोटाच्या खिशात ठेवला आणि भेटेल त्याला वाचून दाखवायला लागले. कोकिळाबाई वैतागून म्हणाल्या, "तुमी काय उंदीर हाय? उंदराले निदान पिंजऱ्यात ठेवता येते. तुमाले घरात ठेवनं होत नाई."

तरी गोळी सुटली नाही, कारण चहा सुटत नव्हता.

आता त्या काळी साखर कशी मोजत, ते सांगतो. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर उत्तम, हिरवं झालं तर बरं, पिवळं झालं तर जपा, आणि विटेसारखं लाल झालं तर कपाळाला हात लावा. हे प्रयोग घरात नकोत म्हणून कोकिळाबाईंनी त्यांना अंगणातल्या धुण्याच्या दगडावर बसवलं होतं. रोज सकाळी हा गृहस्थ उकिडवा बसून नळी हलवतोय, ही हात कमरेवर ठेवून उभी, आणि कुंपणापलीकडून मी. रंग? रोज वीट. नवी कोरी, पक्की भाजलेली.

"बाहेर काय खाता?" कोकिळाबाई विचारत.

"काईच नाई खात."

"मंग हे काय हाय? कुंकू?"

त्या त्यांचे खिसे उलटे करून पाहत, गोरसपाक बिस्किटांचा चुरा सापडतो का म्हणून. मिशीचा वाससुद्धा घेत. काही सापडेना. शेवटी त्यांनी मला पकडलं. "भाऊजी, तुमाले तसंबी काम नाई. यायच्या संगं जात जा अन् नजर ठेवा."

काम नाही हे त्यांनी एवढ्या मोठ्यानं सांगायची गरज नव्हती. पण गेलो. माझ्यासारख्याला गावोगावच्या ओसरीवर बसून बातम्या ऐकायला मिळणार, वर चहा. नाही कोण म्हणतं? मी डोळ्यांत तेल घालून पाहिलं. माणूस काही खात नव्हता. लाडू पुढे आला की तोंड फिरवी. चहाआधी प्रत्येक घरी बजावून सांगे, "बाई, माह्या चहात साखर नको हो. मले शुगर हाय." बाई आतून "हाव, हाव" म्हणत. कप आला की हे महाशय शिशी काढून गोळी टाकत, ढवळत आणि घोट घेऊन तोंड वाकडं करत. "पाय नरहर, गोड तं इतका लागते का किळस यावी, अन् वरून पितळ."

मी कोकिळाबाईंना इमानानं सांगितलं, की माणूस निर्दोष आहे. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. म्हणाल्या, "म्हंजे तुमीबी त्याइले सामील."



एवढ्यात सायकलचं स्टँड पुंडलिकरावांच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर आपटलं. साधी जखम. पण ती सुकेना. हळद भरली, पट्टी केली; अंगठा सुजून वांग्यासारखा झाला, रंगही तसाच. डॉक्टर या वेळी हसले नाहीत. म्हणाले, "साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल. आणि अंगठ्यावर थांबेल याचीही हमी नाही."

परत येताना पुंडलिकराव रिक्षात अंगठ्याकडे पाहत बसले.  नालवाडीच्या वळणावर म्हणाले, "नरहर, अंगठा गेला तं चप्पल कायच्या भरवश्यावर घालू?" मला हसू आलं आणि लगेच जिरलं. त्यांच्या चपलेला अंगठ्याचंच कडं होतं. अनवाणी माणसाला सोयरिकीचं कोण विचारणार?

घरी आल्यावर त्यांनी निकाल दिला: दोष गोळीचा. उंदरांना गाठी झाल्या, आपल्याला साखर चढली. शिशी कोनाड्यात ठेवली आणि जाहीर केलं, आजपासून नुसता फिका चहा. कोकिळाबाईंनी हात जोडले. "काईबी करा, पन अंगठा घेऊन घरी या."

दोन दिवसांनी आम्ही आंजीला गेलो, रुख्माबाईंकडे. पायाला पट्टी, म्हणून एस.टी.नं. रुख्माबाईंच्या धाकट्या मुलीची बोलणी सुरू होती. "बाई, साखर नको हो." "हाव, हाव." चहा आला. गोळी नाही, काही नाही. पुंडलिकरावांनी घोट घेतला आणि कप तसाच तोंडापाशी धरून ते माझ्याकडे पाहायला लागले.

बाहेर आल्यावर माझा दंड धरला. "नरहर, गेलो मी! गोळी अंगात भिनली. फिका चहा गोड लागून राह्यला!"

वाटेत नळावर पाणी पिऊन पाहिलं. पाणी पाण्यासारखं. घरी कोकिळाबाईंच्या हातचा चहा प्यायले, कडू जहर. मग तर ते आणखीच घाबरले. म्हणाले, रोग लपंडाव खेळतोय.

दुसऱ्या दिवशी सिंदी मेघेला सुलोचनाबाईंच्या घरी गेलो. त्यांच्या पोराच्या लग्नाची गोष्ट चालली होती. तेच बजावणं, तेच "हाव, हाव". पुंडलिकरावांनी घोट घेतला आणि डोळे मिटले. मी त्यांच्या हातातला कप काढून घेतला आणि सरळ पिऊन पाहिला. माझ्या कपाएवढाच गोड. उलट जरा जास्तच.

"सुलोचनाबाई," मी म्हटलं, "या चहात साखर हाय."

बाईंनी पदर डोक्यावर ओढला. "असन थोडीशी."

"त्याइनं नाई म्हनलं होतं न?"

"म्हनतेत थे! म्हून काय देऊ का फिका?" बाई उसळल्या. "माह्या पोराची सोयरीक घेऊन मानूस दारात आला, अन् मी त्याच्या तोंडाले फिकं लावू? लोकं काय म्हनन? अन् गोष्टीले बरकत कशी येईन? एका चमच्यानं काय होते बाप्पा? बाकीच्या घरी तं फिकाच पेत असतीन न!"

बाकीच्या घरी! पुंडलिकराव ताडकन उठले, अंगठ्यावर जोर आला तसे कळवळून खाली बसले. आता माझ्याही डोक्यात उजेड पडला. दिवसाची इतकी घरं. प्रत्येक घरची बाई समजते, की बाकीचे फिका देतात, आपण एक चमचा घातला तर बिघडतं काय? त्यावर हा माणूस आपली गोळी टाकायचा. साखरेवर सॅकरीन! किळस येईल नाही तर काय!

"अवो बाई," पुंडलिकराव जवळजवळ रडतच म्हणाले, "तुमच्या त्या चमच्यापायी माहा अंगठा चालला!"

"हो माय!" म्हणून सुलोचनाबाई खऱ्याखुऱ्या हळहळल्या. म्हणाल्या, "मंग पुढच्या बारीले अर्धाच घालीन."

सांगा, या लोकांचं काय करायचं? आम्ही घरोघर सांगून पाहिलं. अंगठा उघडा करून दाखवला. बायांनी तोंडाला पदर लावला, चुकचुकल्या, आणि आत जाऊन अर्धा चमचा घातला. एकीने तर साखर नको म्हणता म्हणून गूळ घातला. मग पुंडलिकरावांनी चहाच नाकारायला सुरुवात केली, तर त्याहून भलतं झालं. मध्यस्थ चहाला नाही म्हणतो म्हणजे सोयरीक मोडली, असं समजून एका घरी मुलीच्या आईनं डोळ्याला पदर लावला आणि बापानं विचारलं, "आमच्यात काय खोट काढली थे तरी सांगा." त्या माउलीला गप्प करायला त्यांना कप उचलावा लागला. अर्थात गोड. सकाळी धुण्याच्या दगडावर पुन्हा वीट.

डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात बोलावलं होतं. हत्यारं उकळून ठेवतो म्हणाले.

त्या संध्याकाळी कोकिळाबाई माझ्या ओट्यावर आल्या. एरवी त्या मला पाहून तोंड फिरवणाऱ्या, कारण गावातल्या निम्म्या भानगडी माझ्या तोंडून निघतात अशी त्यांची समजूत होती. खरं तर निम्म्याहून जास्त. म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या जिभेनं आजपावतर लोकायचे वाटोळे केले. आता एक चांगलं काम करा."

"काय करू?"

"रुख्माबाईच्या पोरीचं जमलं न काल? मंग लोकायले सांगा, थे कशानं जमलं."

माझ्या लक्षात यायला क्षणही लागला नाही. मी कोकिळाबाईंना उगीच इतकी वर्षं साधी समजत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रेशनच्या रांगेत उभा राहिलो. मला रेशन घ्यायचं नव्हतं. मी फक्त पुढच्या बाईला हळूच म्हटलं, "कोनाले सांगू नका, पन आंजीच्या रुख्माबाईनं पुंडलिकरावले अगदी फिका चहा पाजला, अन् तिसऱ्या दिवशी पोरीचं जमलं. अन् थे सिंदी मेघेवाली? अर्धा चमचा घातला, तं गोष्ट अर्ध्यावरच अटकली." कोणाला सांगू नका म्हटल्यावर बातमी बैलगाडीनं जात नाही. दुपारी ती गिरणीत होती, सांजेला विहिरीवर. आंजीला रुख्माबाईंच्या कानावर गेली, तेव्हा त्याही म्हणाल्या म्हणे, "हाव, फिकाच देल्ता." बाई साफ खोटं बोलल्या. देव त्यांचं भलं करो.

मग काय विचारता! दार वाजायचा अवकाश, की फिका चहा हजर. सुलोचनाबाईंनी तर कप पुढे करून वर शपथ घेतली, "दानाबी घातला नाई, पाहून घ्या!" पुंडलिकराव कडूजहर घोट घेत आणि असे खूश होत, जसं काही बासुंदी पितायत. दगडावरची वीट पिवळी झाली, मग हिरवी. डॉक्टरांनी अंगठा दाबून पाहिला, वास घेतला, आठवडाभर थांबू म्हणाले. मग आणखी आठवडा. नख गळून पडलं. अंगठा राहिला. डॉक्टर म्हणाले, "बघा, गोळ्यांचा गुण!" कोनाड्यात शिशी तशीच पडून होती. पुंडलिकरावांनी माझ्याकडे पाहिलं.

बरं, एवढ्यावर मिटलं म्हणता? मिटलं सगळ्यांचं, अडकलो मी. बरकतीत कसूर नको म्हणून बाया आता मलाही फिकाच द्यायला लागल्या. मला काही झालेलं नाही हो, मला साखर लागते! पण मागायची कशी? अफवा माझीच.

एके दिवशी सुलोचनाबाईंच्या ओसरीवर मी कपाकडे पाहत बसलो होतो. पुंडलिकरावांनी कोटाच्या खिशातून शिशी काढून माझ्यापुढे ठेवली. "घे. मले तं कामाची नाई." मी गोळी टाकली, ढवळली, प्यायलो. गोड लागलं खरं. मग हळूहळू जिभेच्या मुळाशी काहीतरी चढायला लागलं. मी तोंड वाकडं करायचं नाही असं ठरवलं होतं. झालं वाकडं.

"कसं लागते?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"पितळी चमचा चाटल्यासारखं."

"मंग!" ते एवढ्या जोरात ओरडले की सुलोचनाबाई आतून धावत आल्या. "मनाचे खेळ म्हने! उद्याच्या उद्या जाजो अन् त्या डॉक्टरले सांगून येजो." आणि उठून त्यांनी बिननखी अंगठा चपलेच्या कड्यात नीट बसवला, एकदा पाय आपटून पाहिला, आणि पुढच्या घराकडे निघाले. मागून मी, तोंडात पितळ घेऊन.