सतरा नंबरचं पोवळं आणि माझं नख

मे महिन्यात परभणीकडचा माणूस थंड हवेला पळतो. मी निघाले मालवणला, घामाघूम व्हायला. कारण डिसेंबरात एका हौशी गटासोबत मी तिथल्या समुद्रात चाळीस पोवळ्यांना नंबरांचे बिल्ले लावून मापं घेतली होती. सतरा नंबर हे मी आयुष्यात मोजलेलं पहिलं पोवळं. आता पाणी तापून पोवळी पांढरी पडल्याचं कळलं आणि चारठाण्याच्या घरात माझा पाय ठरेना. पोवळं म्हणजे दगड नव्हे, बारीक जिवांची वसाहत. रंग गेला म्हणून जीव लगेच जात नाही, पण जाऊ शकतो.

देवगाव फाट्यापर्यंत जीप, पुढे सेलू, परभणी, रेल्वेनं कोल्हापूर आणि मग घाट उतरणारी एसटी. दीड दिवस धरून चाला, नाष्टा फाट्यावरच उरका. जीपमधल्या एका मावशींनी जावयाच्या अंगठीसाठी पोवळं आणायला सांगितलं, त्याचा मंगळ फार कडक म्हणे. मी हसले खरी, पण रेल्वेत प्रत्येक स्टेशनाला उठून दारात जात होते.

मालवणात घरगुती खोली स्वस्त मिळते. शाकाहारी असाल तर आधी सांगा, नाहीतर सोलकढी-भातावर भागवावं लागतं. सकाळी होडी निघाली आणि आम्ही मास्क लावून पाण्यात उतरलो. आमच्या गटाच्या प्रमुख निशाताई पट्टी धरायच्या, मी पाण्याखाली लिहिता येणाऱ्या पाटीवर लिहायची: लांबी, रुंदी, जिवंत भाग किती. मी विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेली, त्यामुळे समुद्राची भीती अजून जात नाही. बरीच पोवळी हिरव्या शेवाळानं माखलेली, म्हणजे मेलेली. जिवंत भाग शून्य, असं लिहायचं आणि पुढचा बिल्ला सतराचा तर नाही ना, ते बघायचं.

सतरा नंबर पांढरंफेक होतं. शेवाळ नव्हतं, माप डिसेंबरएवढंच. निशाताई पट्टी गुंडाळत होत्या तेवढ्यात माझा हात आपोआप पुढे गेला. मोसंबीचं झाड वाळलं की आमचे आबा अंगठ्याच्या नखानं साल खरवडतात; आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत. मी तेच केलं. नखाला बुळबुळीत थर आला. पोवळं जिवंत होतं आणि मी त्याला सोललं होतं.

होडीत चढल्यावर सांगून टाकलं. निशाताई रागावल्या नाहीत, फक्त पाटी माझ्याकडे सरकवली.

"लिही. नाहीतर पुढच्या वेळी ही जखम उन्हाच्या नावावर जाईल."

मी लिहिलं: जिवंत, पांढरं, नखाचा ओरखडा. इतकी लाज मला शाळेतही कधी वाटली नव्हती.

घरी आल्यावर आबांनी पहिलं तेच विचारलं, जगलं का. मी सगळं सांगितलं. त्यांनी आपला अंगठा उलटसुलट करून बघितला.

"झाडाला साल परत येती. त्याला येती का?"

पावसाळाभर समुद्र बंद, निशाताईंचा निरोप आलाय का म्हणून मी फोन उघडून बघायची आणि परत ठेवायची. तुम्ही जाणार असाल तर जरूर जा, पण नखं कापून जा आणि कशालाही हात लावू नका.

ऑक्टोबरात निशाताईंनी फोटो पाठवला. सतरा नंबर पुन्हा तपकिरी झालं होतं. आबांनी चष्मा लावून निरखलं.

"लय छान रंगलंय की. अन् हे हिरवं एवढुसं काय हाय?"

मी अंगठा पुढे केला.