दुकान वाढवा

शटर खाली येता येता मधेच गाइडमधून सुटलं आणि एका बाजूनं लोंबायला लागलं. भांडाराचे चेअरमन साहेब त्याच्याच खाली उभे होते, थोडक्यात वाचले. मला बोलावणं आलं. मी गाडीवरून उतरतोय न उतरतोय तोच म्हणाले, "मिस्त्री, माप चुकलं तुजं."

माझं डोकं लवकर तापतं. वडवणीच्या बाजारपेठेत कुठलंही शटर वाजलं तर आवाजावरून सांगीन की माझं आहे का दुसऱ्याचं. "साहेब, माजं माप चुकत न्हाई," मी म्हणालो, "भिंत चुकली असंल." रागात बोललो होतो. टेप लावला तेव्हा कळलं, खरंच भिंत चुकली होती.

ज्यांनी शटर फक्त वर-खाली होताना पाहिलंय त्यांच्यासाठी सांगतो. पत्र्याच्या लांब पट्ट्या एकीत एक अडकवलेल्या असतात. त्या वरच्या पाइपाला गुंडाळल्या जातात, पाइपात स्प्रिंग असते. दाराच्या दोन्ही अंगांना उभ्या लोखंडी पन्हाळी असतात, त्यांना गाइड म्हणतात. पट्टीची दोन्ही टोकं गाइडच्या आत चांगली चार बोटं बसली पाहिजेत. दार रुंद झालं तर पट्टी बाहेर निघणार. पण दार रुंद होत नसतं, भिंत काही रबराची नाही. हे दार वीतभर रुंद झालं होतं. भिंतीला तडा नाही, गिलावा पडलेला नाही, बोल्ट जिथं ठोकले होते तिथंच. मी तीनदा मापलं आणि मग बिडी पेटवली.

हे दुकान म्हणजे आमच्या इथलं सहकारी ग्राहक भांडार. एक खोली, साबण, रॉकेल, साखर, वह्या. लोक शेअर घेऊन सभासद झालेले, दिवाळीला लाभांश म्हणून स्टीलची वाटी मिळायची. मग दुष्काळाचं साल आलं. ऊस वाळला, कारखान्याचा भोंगा थांबला, जनावरं छावणीत गेली आणि माणसं टँकरच्या मागं. तेव्हाच चेअरमन साहेब पुण्याला जाऊन आले आणि म्हणाले, लोकांचं मन रमलं पाहिजे. भांडाराची सुपर शॉपी झाली. एसी आला, जनरेटर आला, चाकाच्या ट्रॉल्या आल्या.

नळाला पाणी नव्हतं आणि आत शॉवर विकायला होते. लोकांनी वॉशिंग मशीन नेली आणि तिच्यावर क्रोशाचा रुमाल टाकून टीव्ही ठेवला. एका पाटलानं पोरांच्या पोहण्याचा हवेचा तलाव नेला, बदकाच्या चित्राचा. पाणी कुठून आणणार? त्यात कडबा भरून ठेवला. हसतो काय मी, माझ्याही घरात ज्यूसचं मशीन होतं आणि फळ बघून महिने झाले होते. खरं सांगायचं तर आत गार वाटायचं. बाहेर डोळे भाजणारं ऊन, आत गारवा, मंद गाणं, आणि कुणी विचारत नसे की तुमच्या बोअरला पाणी आहे का.

सगळा कारभार मॅनेजर भास्करराव बघायचे. भांडार रॉकेलचं होतं तेव्हापासूनचे. पांढरा शर्ट, खिशाला पेन, बोलणं असं मऊ की गिऱ्हाइकाला कधी 'न्हाई' ऐकावं लागलं नाही. माल नसला तर म्हणायचे, "उद्या भरपूर हाय."

तर मी टेप लावून बसलो होतो. एक टोक गाइडला अडकवलेलं, डबी माझ्या हातात. दिवेलागण झाली. भास्कररावांनी गल्ल्यावरच्या फोटोला हात जोडले आणि नोकरांना म्हणाले, "चला, वाढवा."

टेप डबीतून करकर करत बाहेर आला. बोटभर. मी ओढला नव्हता, माझा हात गुडघ्यावर होता.

आपल्याकडं 'दुकान बंद करा' असं कुणी म्हणत नाही. बंद म्हणजे कायमचं, अभद्र. म्हणून 'वाढवा' म्हणायचं. दिवासुद्धा विझवत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. आमच्या घरात दखनी बोलतात, त्यातही 'दुकान बढाव' असंच. लहानपणापासून ऐकतोय, कधी मनावर घेतलं नाही. इथं दुकानानं मनावर घेतलं होतं.

"भास्करराव, उद्यापासून बंद करा म्हणत जावा," मी म्हणालो.

त्यांनी कानाला हात लावले. "मिस्त्री, असं वंगाळ बोलू नका. लक्ष्मीची जागा हाय ही."

चेअरमन साहेब मागं उभेच होते. "माप चुकलं ते कबूल करायचं सोडून शब्दावर ढकलतो का बे? आन वाढलं तर वाढू दे. जागा फुकटात वाढायली, रडतो कावून?"

मी जास्त रुंद पट्ट्या घातल्या आणि घरी आलो. मोठ्या माणसांपुढं किती डोकं फोडायचं.

आता झरीनाचं सांगतो. झरीना माझी बायको. टँकर उशिरा उशिरा यायला लागला म्हणून आम्हाला आणखी एक पाण्याचा ड्रम पाहिजे होता. तो आणायला ती भांडारात गेली आणि हात हलवत परत आली. दुसऱ्या दिवशी परत गेली. मग रोजच. घरात असली तरी चित्त घरात नसायचं. आम्ही घरात दखनी बोलतो, इथं मराठीत लिहितोय.

मी विचारलं, "ड्रम कुठंय?"

"आणखी आत हाय म्हणतात," ती म्हणाली.

"किती आत?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय.

एके दिवशी मी मांजरसुंब्याला एका धाब्याचं शटर बसवायला गेलतो. ऊन उतरल्यावर घरी आलो तर दाराला कडी. टँकर येऊन गेला होता. सगळ्या गल्लीचे डबे भरून आत गेलेले आणि आमचे तेवढे रांगेत कोरडे उभे. दुष्काळात बाई एक वेळ जेवण चुकवील, टँकर चुकवत नाही. मी तसाच भांडाराकडं गाडी पळवली.

दार एवढं रुंद झालं होतं की माझ्या नव्या पट्ट्यासुद्धा गाइडात नखभरच उरल्या असत्या. गल्ल्यावर भास्करराव बसले होते. चेहरा पार उतरलेला.

"मिस्त्री, गिऱ्हाइक बाहेरच जाईना," ते म्हणाले. "बघा तुमीच."

मी बघितलं. एक माणूस भरलेली ट्रॉली घेऊन आला, त्याचा माल मोजून झाला. तो हसला, म्हणाला, "येतो हां भास्करराव." आणि दाराकडं यायच्या ऐवजी ट्रॉली वळवून परत आत गेला. त्याच्या मागं एक बाई. "येते हां." तीही वळली. कुणी जोर करत नव्हतं, कुणी ओढत नव्हतं. चाकांचा तेवढा आवाज.

निघताना 'जातो' म्हणायचं नाही हे आपल्याला आईच्या दुधाबरोबर पाजलेलं असतं. जातो म्हणजे मेल्याची भाषा. म्हणून 'येतो' म्हणायचं. माणसाला ते कळतं. दुकानाला कोण सांगणार?

"माझी झरीना आत हाय," मी म्हणालो. भास्करराव उठले आणि माझ्याबरोबर चालायला लागले.

साबण मागं पडला. शॉवर, मिक्सर, पडदे मागं पडले. मग नुसते खोके लागले. त्यांच्यावर नाव नाही, चित्र नाही, फक्त 'ऑफर' लिहिलेली लाल चिठ्ठी. लोक ते कानाशी हलवून बघत होते आणि ट्रॉलीत टाकत होते. आत काय आहे हे कुणी विचारत नव्हतं. आणखी पुढं गेल्यावर फळ्यांवर वापरलेल्या वस्तू लागल्या. एक जातं, खुंटा झिजलेला. कुणाच्या तरी बाळाची लंगोटी, घडी घातलेली. प्रत्येकीला लाल चिठ्ठी. भास्करराव एका तांब्यापुढं थांबले, हात पुढं केला आणि मागं घेतला.

"आमचा हाय," एवढंच म्हणाले.

झरीना तिथंच पुढं होती. तिच्या ट्रॉलीत आमची गोधडी होती, आमचा तवा होता, माझा कान तुटलेला चहाचा कप होता. आणि सगळ्यात वर तिच्या अम्मीचं पानदान. ते चकलांब्याला तिच्या भावाच्या घरी असतं. झाकणाला पोचा आहे, तो पोचाही तिथंच.

"बघा तरी," ती म्हणाली. "ऑफरमध्ये हाय."

"झरीना, हे आपल्या घरातलंच हाय."

"घरातलं जुनं झालं. हे नवीन हाय."

"कपाचा कान तुटलाय."

"आता तसाच येतो," ती म्हणाली, समजावून सांगितल्यागत.

मी तिचा हात धरला आणि ओढत गल्ल्यापर्यंत आणलं. ट्रॉली तिनं सोडली नाही, तीही आमच्याबरोबर आली. दार समोर दिसत होतं, बाहेर माझी गाडी उभी. तिनं भास्कररावांकडं बघून ओठ उघडले. 'ये' एवढं निघालं तेवढ्यात मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

"जाते म्हण," मी म्हणालो.

ती पहिल्यांदा मला ओळखल्यासारखी बघायला लागली. माझे सासरे ट्रक चालवायचे. एकदा घाईत 'जातो' म्हणून घरातून निघाले आणि घाटात गाडी उलटली. तेव्हापासून त्या घरात तो शब्द कुणी काढत नाही. मी ते विसरलो नव्हतो. दुसरा इलाज नव्हता.

"तुमी माझ्याकडून हे म्हणवून घेता?" ती म्हणाली.

मी रडत होतो. लपवायचं काय त्यात. "मला पानदान नको," मी म्हणालो. "तू पाहिजे. एकदा म्हण, मग आयुष्यभर शिव्या दे."

तिची मूठ ट्रॉलीच्या दांड्यावर पांढरी पडली होती. मग ती सुटली.

"जाते," ती म्हणाली. अगदी बारीक आवाजात.

ट्रॉली आपोआप मागं सरकली. झरीना पायरी उतरली आणि रस्त्यावर बसून हुंदके द्यायला लागली. मागं एक म्हातारी उभी होती, तिनं हे सगळं बघितलं होतं. ती म्हणाली, "जाते बाबा मी बी एकदाची," आणि उतरली. मग दुसरी. मग एक बाप्या. भास्करराव आत फिरून एकेकाला दंडाला धरून आणत होते आणि आयुष्यात कधी न उच्चारलेला शब्द लोकांकडून म्हणवून घेत होते. कुणी देवाचं नाव घेऊन म्हणालं, कुणी डोळे मिटून. सगळे बाहेर आले.

आत राहिले एकटे भास्करराव. ते दारापर्यंत आले. मी म्हणालो, "आता तुमी म्हणा आन उतरा."

त्यांनी मागं वळून बघितलं. आत सगळा उजेड. भांडाराची लाइट चालू ठेवून हा माणूस कधी घरी गेला नव्हता.

"लाइटी वाढवून येतो," ते म्हणाले.

एका वाक्यात दोन्ही शब्द. सवयीनं निघून गेले. मी ओरडलो तोवर ते वळलेही होते. त्यांनी पहिलं बटण दाबलं आणि आत आणखी दिवे लागले. ते तिकडं गेले. मग त्याच्या पुढचे लागले. पांढरा शर्ट लहान लहान होत चालला. मी हाका मारत होतो. एकदा त्यांनी हात वर केला, आलोच म्हणतात तसा.

वरच्या पट्ट्यांची टोकं गाइडच्या तोंडाशी आली होती. आणखी बोटभर सरकली असती तर ते दार पुन्हा कुणालाच लावता आलं नसतं, आणि उद्या बाजारचा दिवस होता, अख्खा तालुका आत शिरला असता. मी शक्य होतं तोवर थांबलो. मग हुक अडकवला, शटर खाली ओढलं, कुलूप घातलं. आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणालो, "दुकान बंद."

शटर थरथरलं. दोन्ही गाइड जवळ आल्या आणि पट्ट्यांना मधे पोक आलं.

सकाळी ते ग्राइंडरनं कापावं लागलं. आत जुनी खोली होती. साबण, वह्या, रॉकेलचं माप. सगळे दिवे व्यवस्थित मालवलेले. माणूस कुणी नाही. पोलीस येऊन गेले, लोकांनी जे सांगितलं ते त्यांना लिहिता येईना. चेअरमन साहेब वाकलेल्या शटरकडं बघून म्हणाले, "एवढ्याशा दाराला एवढं मोठं शटर? म्हणलो व्हतो ना, माप चुकलं." आता ते बीडला मोठ्या मॉलच्या खटपटीत आहेत. शटरसाठी निरोप आला होता. मी नाही म्हणालो.

भास्कररावांच्या घरी मी अधूनमधून जातो. काकू दाराकडं तोंड करून बसलेल्या असतात. "सकाळी येतो म्हणून गेलेत, मिस्त्री," म्हणतात. "त्यांनी शब्द कधी मोडला न्हाई." मी मान खाली घालून चहा पितो. त्यांना काय सांगू?

या धंद्यात नवीन येणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. दाराचं माप भर दुपारी घेऊ नका. संध्याकाळी मालकाचं बोलून झालं की मग घ्या.

आणि घरातून निघताना मी 'जातो' म्हणतो. शेजाऱ्यांना वाटतं आमचं भांडण आहे. झरीना सुरुवातीला कानावर हात ठेवायची. आता मी गल्लीच्या टोकाला पोचलो की मागून हळूच म्हणते, "या." मी वळून उत्तर देत नाही. संध्याकाळी येतो.