समुद्र मी पहिल्यांदाच पाहत होते

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी दुकानात शिलाई मशीनवर बसल्या बसल्या वाचते आणि बऱ्याचदा हसते. आमच्या घरी बुद्धवंदना होते. अंगारे, गंडे, बाहेरची बाधा यातलं काही कधी चाललं नाही. त्यामुळे असलं काही मी स्वतः लिहीन असं वाटलं नव्हतं... पण सांगू कुणाला?

मी सुनंदा, दौंडची. ब्लाउज शिवायचं छोटं दुकान आहे. मिस्टर कुरकुंभच्या एका कंपनीत सुपरवायझर. त्यांनी जुनी ट्रॅव्हलर गाडी घेऊन तिची कॅम्परव्हॅन केली – आत बेड, गॅस, पाण्याची टाकी. मागच्या वर्षी कंपनीतल्या मित्रांबरोबर ते कोकणात जाऊन आले. मी तेव्हा शिरूरजवळ कवठे येमाईला माहेरी होते. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, तिला उठवणं-बसवणं माझ्याकडे होतं.

यंदा थंडीत ते म्हणाले, "चल, आता परत आपण दोघंच जाऊ." त्या 'परत'कडे माझं लक्षच गेलं नाही.

दापोलीकडच्या किनाऱ्याला लागलो तेव्हा दुपार कलली होती. एका वळणावर खाली एकदम समुद्र दिसला. मी ओरडलेच – "अहो, थांबा ना! पहिल्यांदा बघतेय मी!"

हे हसले. "पुरं की आता. इथं कोण हाय ऐकायला?"

मला कळलं नाही. मी सोडून दिलं.

मुक्कामाला जागा मिळेना. किनाऱ्यावर गाड्यांना बंदी. हॉटेलवाले म्हणत, रूम घ्या. एका बागेचा मालक म्हणाला, गाडीत झोपणारी माणसं नकोत. शेवटी "आजीकडंच जावं लागणार बघ," म्हणत ह्यांनी गाडी एका तांबड्या मातीच्या अरुंद रस्त्याला घातली.

"कुठली आजी?"

हे नुसते हसले.

नारळांच्या बागेत कौलारू घर होतं. अंगणात एक म्हातारी वाळलेली सुपारी गोळा करत होती. मला बघून उठली. "सुनंदा! आलीस गो? लाव गाडी तिथेच, मागच्यासारखी."

म्हणजे मित्र नव्हतेच. कुणी बाई होती, आणि तिला ह्यांनी माझं नाव दिलं होतं.

हे बादली घेऊन विहिरीवर गेले. मी आजीला कोरडेपणाने म्हटलं, "ती मी नव्हे. मी इकडे कधी आलेच नाही."

"चेष्टा करतेस? मग हे कुणी शिवलं? गाडीत बसून हाताने शिवून दिलास ना मला!" तिने पदर बाजूला करून हात वर केला.

ब्लाउजच्या काखेत कापडाची छोटी चौकोनी कळी जोडलेली होती, आणि दोरा दोनदा मागे नेऊन गाठ आत दडवलेली. मला आईने शिकवलेली पद्धत. माझा हात मला कळतो हो... तरी मी मनाला समजावलं, अशी शिवणारी दुसरीही कुणी असेल.

मग आजी जवळ आली, आवाज खाली आणून म्हणाली, "मागे सांगितलंस ते उत्पलाचं दुःख कमी झालं का गो?"

लग्नानंतर पहिल्याच वर्षी माझं मूल पोटातच गेलं होतं – ह्यांना बातमी सांगायच्याही आधी. मुलगी झाली तर ठेवायचं म्हणून मनात धरलेलं ते नाव. मी ते कधी तोंडातून काढलं नव्हतं. आईजवळसुद्धा नाही.

हे आले तेव्हा मी विचारलं, "मागच्या वर्षी कुणाला आणलं होतंत?"

"म्हंजी? तुलाच की!"

"खोटं बोलू नका!"

ह्यांनी बादली खाली ठेवली. "अगं, शिरूर स्टँडवरनं घेतलं न्हाई का तुला? तूच म्हणालीस, आई अंथरुणाला आन् लेक फिरती म्हणतील लोक, ह्याच्यावर कवाच बोलायचं न्हाई, आपसात बी न्हाई. म्हणून मी सगळ्यांना मित्रांचं सांगितलं."

मी तिथूनच भावाच्या बायकोला फोन लावला, स्पीकरवर. ती म्हणाली, "ताई, असं काय विचारताय? आईंना सोडून तवा तुम्ही उंबऱ्याबाहेर तरी गेला व्हता का?"

ह्यांनी फोन माझ्या हातातून घेऊन तिला पुन्हा तेच विचारलं. चेहरा पांढराफटक. ते नाटक नव्हतं, एवढ्या वर्षांनी मला तेवढं ओळखता येतं.

उजेड होता तोवरच आम्ही तिथून निघालो. आजी फाटकापर्यंत आली, मला काय झालं म्हणून विचारत राहिली.

मागच्या वर्षी ह्यांच्याबरोबर आलेली ती कोण होती, माझं मन तिला कसं माहीत होतं – मला आजही माहीत नाही. तर्क लावून थकले. भुताची भीती मला अजूनही वाटत नाही. राग येतो. माझं नाव, माझा हात, माझी एकटीची म्हणून जपलेली गोष्ट घेऊन कुणीतरी माझ्या नवऱ्याबरोबर समुद्र बघून आली, आणि जी खरी मी, ती तिकडे आईचं अंथरूण बदलत होते.

परत येताना घाटात मी ह्यांना एकच विचारलं. "इतके दिवस ती शेजारी होती. काहीच वेगळं वाटलं नाही तुम्हाला?"

ह्यांनी वळणावर गिअर बदलला.

"वाटलं व्हतं," म्हणाले. "लई हसायचीस. बरं वाटलं... म्हणून विचारलं न्हाई."