दोनदा दाब, मनोहर

भूतखेत, भास, संकेत... असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. दुकानात कोणी विषय काढला तर मी हसून घालवायचो. तरी हे लिहितो आहे, कारण आमच्या घरात हा प्रसंग जसा सांगतात, तो अर्धाच खरा आहे.

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. आम्ही आंजीचे, दुकान वर्ध्याला. धाकटा भाऊ मनोहर बायको आणि लेकीला घेऊन नवस फेडायला गिरडला निघाला होता. आमची जुनी जीप एरवी मीच चालवायचो. पण त्या दिवशी पोट दुखतं म्हणून मी पडून राहिलो. ते खोटं होतं. वर्ध्याला मोटारींच्या पाठलागाचा इंग्रजी पिक्चर लागला होता, आणि त्याचा शेवटचा दिवस होता.

मनोहर किल्ली घेऊन गेला. त्या जीपचा ब्रेक पहिल्यांदा दाबला की नुसता खाली जायचा, दुसऱ्यांदा दाबला की धरायचा. माझ्या पायाला ते इतकं सवयीचं, की त्याला सांगायचं राहूनच गेलं.

दुपारचा शो. पडद्यावर घाटाच्या उतारावर लाल मोटार सुटलेली, मागे काळ्या मोटारी... कॅमेरा आत गेला – आणि स्टिअरिंगवर मनोहर. त्याचाच चौकड्यांचा शर्ट. बाजूला लेकीचा पिवळा फ्रॉक. मी ताडकन उभा राहिलो.

"दोनदा दाब, मनोहर... दोनदा!"

सगळी टॉकीज हसली. मागून कोणी म्हणालं, "बसा ना जी काकाजी, हिरो हाय तो, मरत नाई."

"काकाजीले ड्रायवरच्या बाजूले बसवा रे," दुसरा म्हणाला.

पडद्यावर पुन्हा तो गोरा नट होता. आणि मी... बसलो. उठून गेलो असतो तर आणखी हसले असते.

संध्याकाळी जीप परतली तेव्हा मी घरी येऊन पांघरूण घेऊन पडलो होतो. पुढचा एक दिवा फुटला होता. गिरडच्या टेकडीवरून उतरताना ब्रेक लागला नव्हता.

"तुमीच तर मांगून वरडले ना, दादा, दोनदा दाब म्हणून," मनोहर म्हणाला. "मी दाबला, अन् धरला. झाडाले घासून थांबली."

त्याच्या बायकोनं माझे पाय धरले. आजारपणातही दादांचा जीव आमच्यात होता, असं तिनं ठरवलं. मी नाही म्हटलं नाही. पुढे त्या लेकीच्या लग्नात मनोहरनं मांडवात पाहुण्यांना हेच सांगितलं. मी हातात अक्षता धरून ऐकत होतो.

माझा आवाज तिथवर कसा गेला, याचा उलगडा मला आजही झालेला नाही. पण मनोहर, तू हे वाचशील. माझं पोट दुखत नव्हतं. पिक्चर मी शेवटपर्यंत पाहिला. तू झाडाला टेकलेली जीप सोडवत असशील, तेव्हा इकडे सगळ्यांबरोबर मी टाळ्या वाजवल्या.