सीटी निकाल के

रविवारी सकाळी लेकीने दूध-साखरेत भिजवलेला ब्रेड आणि केळी ओव्हनमध्ये ठेवली. वास सुटला आणि मी बेलवलीच्या या घरातून थेट उल्हासनगरच्या आमच्या खोलीत पोचले.

मी तेव्हा दहा वर्षांची होते. शेजारच्या सिंधी काकूंकडे हाच नाश्ता खाऊन मी आईकडे हट्ट धरला होता. आमच्याकडे ओव्हन नव्हता, म्हणून काकूंनी आईला सांगितलं, "कुकर में रखो, सीटी निकाल के." शिट्टी काढून बाजूला ठेव, असं त्यांना म्हणायचं होतं. आईला मात्र शिट्ट्या काढणं म्हणजे वरणाच्या काढतात तेच माहीत. तिने सवयीने पाणी घालून तीन शिट्ट्या काढल्या. डब्यात नुसता लगदा झाला.

"पेज आहे ही. मी नाही खाणार," मी म्हणाले.

"राहू दे, मी खाते. तू चहा-पाव खा." ओट्याकडे तोंड करून, उभ्यानेच तिने सगळं संपवलं आणि ती कामाला गेली. पुन्हा तिने ते केलं नाही. आता ती नाही.

लेकीने बशी पुढे केली. "जमलंय का गं, आई?" असं विचारून ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. डबा उघडल्यावर आईही माझ्याकडे अशीच बघत होती.