पोत्यातलं इंजिन, लातूर ते अर्धापूर

अक्काचा फोन आला तेव्हा मी चित्रकलेच्या पेपरांचा शेवटचा गठ्ठा बांधत होतो. उद्यापासून सुट्टी.

"दिल्या, गाडी बसली बघ. इंजिन पार जाम. किकच खाली जाईना."

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण संगीता. अर्धापूरपासून पाच-सहा किलोमीटरवरच्या एका गावात राहते. दाजी केळीची बाग सांभाळतात आणि अक्का पशुसखी आहे. म्हणजे वस्त्या-वस्त्यांवर जाऊन शेळ्यांना लस टोचायची, जंताचं औषध पाजायचं, एखादी शेळी अडली तर डॉक्टर येईपर्यंत धीर द्यायचा. हे सगळं ती शंभर सीसीच्या एका पंधरा वर्षं जुन्या मोटारसायकलवर करते. स्कूटी का नाही घेतली, असं मी एकदा विचारलं होतं. "चिखलाच्या पांदीतून चालवून दाखव, मग घेते," असं उत्तर मिळालं.

गावच्या मेकॅनिकनं सांगितलं होतं की क्रँक गेला, ब्लॉकलाही चीर पडलीय. दुरुस्तीपेक्षा दुसरं जुनं इंजिन बसवलेलं परवडेल. चार दिवसांनी लस येणार होती. बर्फाच्या पेटीतली लस थांबत नाही. पावसाळ्याआधी तीन वस्त्या व्हायच्या होत्या आणि आठवडाभर अक्का उन्हात पायी फिरत होती.

"लातुरात मिळतंय का बघ की," ती म्हणाली. झालं. मला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही, पण कुठंतरी जायचं कारण मला पुरतं.

पहिला दिवस

लातूरला जुन्या गाड्या तोडून त्यांचे भाग विकणारी दुकानं आहेत, हे मला माहीत होतं. आत कधी गेलो नव्हतो. एका पत्र्याच्या शेडमध्ये तीस-चाळीस इंजिनं ओळीनं मांडलेली होती. मला ती फार आवडली. प्रत्येकाच्या पंख्यांचा (सिलिंडरवरच्या त्या थंड व्हायच्या पट्ट्यांचा) आकार वेगळा, काही उभी, काही आडवी. मालकानं अक्काच्याच मॉडेलचं एक काढलं, मला किक हातानं दाबायला लावली. "हाताला दाब लागतोय ना? मग इंजिन जिवंत हाय." साडेपाच हजार. कोऱ्या चिठ्ठीवर आकडा लिहून सही करून दिली. बारदानात घालून सुतळीनं तोंड शिवून दिलं. मी स्वतःवर खूश होतो.

इंजिन साधारण पंचवीस किलोचं. स्टँडवर हमालानं ते नांदेड गाडीत मागच्या सीटखाली सरकवलं. मार्ग चाकूर, अहमदपूर, लोहा; साडेतीन तास धरा. रस्ता आता बहुतेक चांगला आहे, पण मे महिन्यात सकाळी सातच्या आतली गाडी पकडा, अकरानंतर खिडकीतून भट्टीची हवा येते.

कंडक्टरनं पायानं पोतं चाचपलं. "काय हाय ह्याच्यात?"

"इंजिन."

"कशाचं, पंपाचं?"

"मोटारसायकलचं."

"आणि मोटारसायकल?"

"ती अर्धापूरला आहे."

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं, सामानाचं तिकीट फाडलं आणि पुढं गेला. पण तेवढ्यानं अख्ख्या मागच्या भागाला विषय मिळाला. एका काकांच्या मते जुनं इंजिन घेणं म्हणजे दुसऱ्याचं दुखणं घरात आणणं. शेजारच्या बाईंचा दीर तीन वर्षं असंच इंजिन चालवत होता आणि त्याला काही झालं नव्हतं. चाकूरच्या पुढं ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला तेव्हा पोतं सरकत पुढच्या सीटपर्यंत गेलं, आणि दोघा-तिघांनी मिळून ते परत ढकललं. अहमदपूरला गाडी दहा मिनिटं थांबते. तिथली मिरचीची भजी गरम असली तरच घ्या.

नांदेडला देगलूर नाक्याच्या बाजूला हमीदभाईंचं गॅरेज आहे. साठीचा माणूस, चष्म्याच्या एका काडीला दोरा बांधलेला. त्यांचं नाव गावच्या मेकॅनिकनंच सुचवलं होतं. मी पोतं टेकवलं, त्यांनी ते उघडलं नाही. "उद्या गाडीसंगं या. गाडी बघितल्याबिगर मी इंजिन बघत न्हाई." पोतं तिथंच ठेवून संध्याकाळच्या गाडीनं अक्काकडे गेलो. ज्वारीची भाकरी, येसराची (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची) आमटी आणि अंगणातली बाज. याहून चांगलं लॉज मला ठाऊक नाही.

दुसरा दिवस

केळीच्या टेम्पोत मागं थोडी जागा होती, तिथं मोटारसायकल आडवी बांधली आणि मी आणि अक्का तिला धरून बसलो. घडांचा कच्चा, चिकट वास. नांदेडपर्यंत वीसेक किलोमीटर. अक्काच्या पिशवीत आरटीओचा अर्ज होता. इंजिन बदलायचं तर आधी कळवून परवानगी घ्यावी लागते आणि नवा नंबर आरसीवर चढवावा लागतो, हे तिनं स्वतः जाऊन विचारून आणलं होतं. मला हे काहीच माहीत नव्हतं. तुम्ही असं काही करणार असाल तर आधी तुमच्या आरटीओत विचारून घ्या, म्हणजे माझ्यासारखं होणार नाही.

हमीदभाईंनी गाडी बघितली, जुनं इंजिन उतरवलं, मग पोतं उसवलं. अक्का अर्ज मांडीवर घेऊन पेन उघडून बसली.

"दिल्या, नंबर सांग त्याच्यावरचा."

नंबर कुठं असतो तेही हमीदभाईंनीच दाखवलं. मी रॉकेलच्या चिंधीनं काळं पुसलं. खाली धातू चकचकीत होता. बाकी सगळं इंजिन मळकं राखाडी आणि तेवढीच दोन बोटं जागा आरशासारखी.

हमीदभाईंनी त्यावरून नख फिरवलं. "घासलंय, सर."

"म्हणजे?"

"म्हणजे चोरीच्या गाडीचं असणार. मी हात लावत न्हाई ह्याला. तुम्ही कुठं बी बसवून घ्या, बसवणारे लई हायत. मी न्हाई."

मी लातूरच्या दुकानदाराला फोन लावला. तो चिडला नाही, घाबरलाही नाही. "अहो सर, एवढंच ना? तुमचा जुना नंबर सांगा, पंच मारून देतो. कागदाची भानगडच न्हाई मग. कोण बघतंय?"

फोन ठेवला. खोटं कशाला बोलू, मला ते पटलं होतं. साडेपाच हजार गेले होते, परवा लस येणार होती, बहीण उन्हात चालून काळवंडली होती. मी तिला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणालो, "अक्का, आपलाच जुना नंबर मारला तर कागदोपत्री काही बदलतच नाही. कुणाला कळणार?"

तिनं त्या चकचकीत जागेवरून अंगठा फिरवला. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

"कुणाची तरी गाडी तोडली असंल की रे," ती म्हणाली. "तो बी आठ दिस पायीच फिरला असंल. मी त्याच्यावर बसून कशी जाऊ?"

मग तिनं पेनाला टोपण लावलं. "चल, पोलीस ठाण्यात देऊन येऊ."

"आपल्यालाच धरतील."

"धरू दे. मी हाय ना संगं."

अडतीस वर्षांचा मास्तर मी, आणि रिक्षात त्या पोत्याशेजारी बसून दुकानदाराची चिठ्ठी खिशात पुन्हापुन्हा चाचपत होतो. ठाण्यातल्या हवालदारांना आधी कळेचना. "हरवलं होतं का?" नाही. "सापडलं का?" नाही, विकत घेतलं. "मग इथं कशाला आणलं?" अक्कानं नीट सांगितलं. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग अडीच तास प्रश्न विचारले. दुकान कुठं, माणूस कसा, चिठ्ठी कुठंय. मी दुकानदाराचा चेहरा कागदावर काढून दिला. तेवढंच मला येतं. ते चित्र त्यांनी दोनदा बघितलं आणि जबाबाला टाचलं. "बरं केलंत आणलं ते," निघताना ते म्हणाले. आमच्या जबाबाची एक प्रत मिळाली. इंजिन तिथंच राहिलं, पैसेही गेले.

बाहेर आलो तर तीन वाजले होते आणि आम्हाला अजून इंजिन हवंच होतं. परत गेलो तर हमीदभाईंनी आमच्यासाठी तहरी आणि दालचा झाकून ठेवला होता. आम्ही जेवताना ते फोन करत होते. जिथं तिथं एकच प्रश्न: "कागद हाय का?" चौथ्या फोनवर हो आलं. नाक्यापलीकडच्या एका दुकानात, अपघातात गेलेल्या गाडीचं इंजिन. आरसी रद्द झाल्याचा कागद, बिल, नंबर ठळक. मॉडेल त्याच कंपनीचं, पण चार वर्षं अलीकडचं. साडेआठ हजार. मी पाकीट काढलं तर अक्कानं माझा हात दाबला. "तुझं झालं देऊन. गाडी माझी हाय."

तिनं अर्जात नंबर लिहिला. एकेक आकडा बोलत, मला परत वाचायला लावून.

तिसरा दिवस

सकाळी आरटीओत अर्ज दिला, पोच घेतली. दुपारी बसवायची परवानगी मिळाली. आरसीवर नोंद करण्याआधी तपासणीला गाडी घेऊन आठ दिवसांनी यायचं ठरलं. मग खरी मजा सुरू झाली.

मला वाटलं होतं, जुनं काढायचं आणि नवं तिथं ठेवायचं. पण पुढचे बोल्ट बरोबर बसले आणि मागचं भोक करंगळीच्या निम्म्यानं चुकलं. "चार वर्षांत कंपनीनं जरा सरकवलंय," हमीदभाई म्हणाले, जणू शेजाऱ्यानं बांध सरकवल्यासारखं. मी पुठ्ठा मागितला. फ्रेमवर धरून पेन्सिलीनं भोकांची जागा उतरवली, दुसरा पुठ्ठा इंजिनावर धरला, दोन्ही एकमेकांवर ठेवून फरक काढला. हमीदभाईंनी माझ्याकडं पहिल्यांदा कौतुकानं बघितलं. "सर, तुम्ही शाळेत वाया चालले." त्या पुठ्ठ्यावरून लेथवाल्यानं जाड लोखंडाच्या दोन पट्ट्या कापून दिल्या.

पट्ट्या लागल्यावर इंजिन बसलं, पण काम संपलं नव्हतं. पुढचं आणि मागचं चेनचक्र एका रेषेत आहे का, हे त्यांनी चक्क दोरी ताणून बघितलं. थोडं बाहेर होतं. वॉशर काढला, दोरी दोन्ही चक्रांना सरळ चिकटली. वायरचे रंग जुळत नव्हते, म्हणून एकेक वायर तपासून जोडली. मी विचारत होतो, ते सांगत होते, अक्का पाना धरत होती. "हे कशाला, ते का असं," असं मी विसाव्यांदा म्हणालो तेव्हा अक्का म्हणाली, "लहानपणी बी असाच होता. घड्याळ खोलून ठिवायचा."

पाचच्या सुमारास तेल ओतलं. पहिली किक, काही नाही. दुसरी, काही नाही. हमीदभाईंनी कार्बोरेटरचा एक स्क्रू पाव वळसा फिरवला आणि बाजूला झाले. "ताई, तुम्ही मारा."

तिनं साडीचा पदर खोचला आणि मारली. गाडी सुरू झाली. आवाज जुन्यापेक्षा जाड होता. अक्कानं हँडलवर दोन्ही हात ठेवले. एक्सलेटरही दिलं नाही, नुसती ऐकत राहिली. हमीदभाईंनी मजुरी सांगितली, ती माझ्या अपेक्षेच्या निम्मी होती. "फिल्टर नवं टाका, पाचशे किलोमीटरला तेल बदला, आणि चाळीसच्या वर नेऊ नका," एवढं म्हणून ते दुसऱ्या गाडीकडं वळले.

अर्धापूरकडं मी मागं बसून आलो. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, कालव्याच्या बाजूनं जरा गार वारा. अक्का दर दोन किलोमीटरला विचारायची, "वास येतोय का रे जळका?" येत नव्हता.

आणि नंतर

चौथ्या दिवशी मी तिच्याबरोबर एका वस्तीवर गेलो. बर्फाची पेटी माझ्या मांडीवर. मी शेळ्या धरल्या, तिनं टोचल्या. बायका मला विचारत होत्या, "तुम्ही डॉक्टर का?" अक्का म्हणाली, "न्हाई, माझा भाऊ हाय. सुट्टीला आलाय."

लातूरला येऊन आता तीन आठवडे झाले. आरसीवर नवा नंबर चढला. पोलिसांचा फोन एकदाच आला, पत्ता पुन्हा विचारायला. पुढं काय झालं ते मला माहीत नाही. ती तोडलेली गाडी कुणाची होती, तेही कदाचित कधी कळणार नाही. त्या पत्र्याच्या शेडवरून मी अजून गेलेलो नाही. लाज दुकानदाराची वाटत नाही, "कुणाला कळणार" असं मी बहिणीला म्हणालो त्याची वाटते. अक्कानं तो विषय पुन्हा काढला नाही. दाजींनाही सांगितलेलं नाही, हे मला त्यांच्या बोलण्यावरून कळलं.

निघायच्या दिवशी तिनं मला अर्धापूरच्या स्टँडवर सोडलं. दरवेळी ती बस सुटेपर्यंत थांबते, खिडकीशी उभी राहून पोचल्यावर फोन कर म्हणून तीनदा सांगते. या वेळी मी पिशवी खांद्याला लावेपर्यंत तिनं गाडी वळवलीसुद्धा.

"थांबत न्हाई रे. दोन वस्त्या राहिल्यात, बर्फ विरघळंल."

आणि गेली. मी फलाटावर उभा राहून तो जाड आवाज ऐकत होतो, रहदारीत मिसळून जाईपर्यंत. बस अजून लागायची होती. मला कुणीही सोडायला थांबलं नव्हतं, आणि इतकं बरं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.