मोती पळाला नव्हता

संध्याकाळी बागेतल्या बाकावर शेजारच्या इमारतीतल्या एक बाई आपल्या लॅब्रॅडॉरचं कौतुक सांगत होत्या. "काका, याला माणूस बरोबर कळतो हं. एकवेळ आमचे हे फसतील, हा नाही फसायचा!" सगळे हसले. कुत्रा मात्र माझ्याकडेच बघत राहिला. मी हात पुढे केला, तसा तो गुरगुरत मागे सरला. "आज काय झालंय याला कोण जाणे," म्हणत बाईंनी पट्टा आखडला.

आमच्या मोतीच्या हुशारीच्या गोष्टी मीही अशाच सांगायचो. "थांब" म्हटलं की मी परत येईपर्यंत तो जागचा हलत नसे. सोसायटीतल्या तक्रारींना कंटाळून एका दुपारी मी त्याला स्कूटरवरून खाडीपलीकडे नेलं आणि "थांब" म्हणालो. आरशात तो बराच वेळ दिसत होता, शेपूट हलवत बसलेला.

घरी सांगितलं, पट्टा तोडून पळाला. लेक महिनाभर त्याला हाका मारत हिंडली. मीही तिच्याबरोबर मोठमोठ्याने हाका मारल्या, खाडीच्या बरोबर उलट्या दिशेला.

ती आता पन्नाशीला आली आहे. हा कागद आधी तिच्याच हातात द्यायचा, असं ठरवलंय. खाली तिची गाडी थांबल्याचा आवाज आला आहे.